वाढत्या वयाचे ताट

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपण घरातल्या वाढत्या मुलांविषयी बोलू. बारा वर्षांपासून अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतची मुले आणि मुली. ही मुले आता लहान नाहीत. त्यांना कोणी भरवत नाही. पण ती अजून मोठीही झालेली नाहीत.

घरात तान्हे मूल असले, की त्याच्या दुधाकडे सगळ्यांचे लक्ष असते. म्हातारे माणूस असले, की त्याच्या पथ्याकडे लक्ष असते. या मधल्या मुलांच्या ताटाकडे मात्र कोणी पाहत नाही. "खातोय की हाताला लागेल ते. या वयात दगडसुद्धा पचतो," असे आपण म्हणतो.

दगड पचत असेल. पण या वयातले खाणे शरीर विसरत नाही. त्याचा हिशेब ते पुढे तीस-चाळीस वर्षे ठेवते, आणि एके दिवशी तो पुढे मांडते. तो हिशेब कसा असतो, ते आज पाहू.

रोग गावात आला आहे

मधुमेह तुम्हाला ठाऊक आहे. कोणी त्याला 'शुगर' म्हणतात, कोणी 'साखरेचा रोग' म्हणतात. पूर्वी लोक म्हणत, हा गादीवर बसणाऱ्या शेठजींचा रोग आहे. उन्हातान्हात राबणाऱ्याला तो होत नाही.

ते दिवस गेले. 2023 साली देशभरच्या एका मोठ्या मोजणीचे आकडे जाहीर झाले. ही मोजणी दिल्लीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झाली होती. आपल्या देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असे तीत दिसले. आणखी 13 कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. शहरांत हा रोग जास्त आहे, हे खरे. पण खेड्यांतही शंभर मोठ्या माणसांत सुमारे नऊ जणांना तो निघाला.

आता मुलांचे पाहा. 2016 ते 2018 या काळात केंद्र सरकारने देशातल्या मुलांची पाहणी केली. तीत 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींचे रक्त तपासले. शंभरात सुमारे दहा जणांच्या रक्तातली साखर वाढू लागलेली होती. त्याच पाहणीत जाड मुले किती निघाली? शंभरात पाच. आणि वाळकी किती? शंभरात चोवीस.

हे आकडे जरा शेजारी ठेवून पाहा. साखर वाढलेली दहा, जाड मुले पाच. म्हणजे ज्यांची साखर वाढली, ती सगळी काही जाड नव्हती. "आमचं पोरगं काटकुळं आहे, त्याला कसली आलीय शुगर?" असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

पुणे जिल्ह्यातली सहा गावे

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात उजेडात आली. पुण्याला के. ई. एम. नावाचे रुग्णालय आहे. तेथील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक काम हाती घेतले. पुणे जिल्ह्यातली सहा गावे त्यांनी निवडली. तिथल्या शेतकरी घरांतल्या गरोदर बायांचे खाणे, काम आणि वजन त्यांनी लिहून ठेवले. बाळ जन्मले, की त्याचे वजन केले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ती मुले मोठी होईपर्यंत ते त्यांना पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

त्यांना काय दिसले? इंग्लंडमध्ये जन्मलेले बाळ सरासरी साडेतीन किलो भरते. या गावांतले बाळ पावणेतीन किलोच्या आतच राहिले. आपले बाळ लहान होते. त्याचे हातपाय बारीक होते, स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी मात्र गोऱ्या बाळाच्या जवळपास तेवढीच होती. वरून बारीक आणि आतून चरबीचे, असे ते बाळ होते.

ती मुले अठरा वर्षांची झाली. निम्मी मुले तेव्हाही वाळकीच होती. त्यांची साखर तपासली. मुलग्यांत तिघांपैकी एकाहून जास्त जणांची साखर ठीक नव्हती. मुलींत पाचांपैकी जवळजवळ एकीची तशीच होती. अठरा वर्षांचे वय, शेतकऱ्याचे घर, अंगावर मांस नाही, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर पाय!

कणगीची गोष्ट

हे होते कसे? आपण आपल्या घरातली कणगी डोळ्यांपुढे आणू.

भाकरी खा, भात खा, साखर खा. पोटात गेल्यावर त्या सगळ्यांची साखरच होते आणि ती रक्तात उतरते. खळ्यावर धान्याची रास पडावी, तशी. ही रास खळ्यावर पडून राहून चालत नाही. ती लवकर कणगीत भरली पाहिजे. शरीराची कणगी म्हणजे आपले स्नायू. दंड, मांड्या, पाठ यांतले मांस. रक्तातली साखर मुख्यतः तिथे साठते आणि तिथेच खर्च होते.

कणगीचे तोंड उघडणारा एक रस असतो. त्याला इन्सुलिन म्हणतात. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तिथे तो तयार होतो.

आता समजा, रास मोठी आहे आणि कणगी लहान आहे. उरलेले धान्य कोठे जाईल? कोठेतरी कोपऱ्यात, माळ्यावर, जागा मिळेल तिथे. शरीरही तेच करते. जास्तीच्या साखरेची ते चरबी बनवते. काही चरबी पोटावर साठते, काही यकृतात शिरते. यकृतात चरबी भरली, की ते इन्सुलिनचे ऐकेनासे होते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. एका बैलाचे काम दोन बैलांनी ओढावे, तसे ते जोर लावत राहते. पाच वर्षे लावते, दहा वर्षे लावते. शेवटी ते थकते. त्यानंतर रक्तातली साखर खाली येत नाही. तो झाला मधुमेह.

या सगळ्या वर्षांत दुखत काहीच नाही. ताप येत नाही, कळ येत नाही. म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे ती साखर डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या आणि पायांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते. हृदयालाही धक्का देते. मधुमेह तरुण वयात जडला, तर तो जास्त जोराने पुढे सरकतो. ऐन कमावत्या वयात माणूस अंथरूण धरतो. औषधपाण्यासाठी म्हैस विकावी लागते, कधी जमीन गहाण पडते. ज्याच्या खांद्यावर घर उभे असते, तोच खांदा खचतो.

हेच वय का महत्त्वाचे?

कारण कणगी याच वयात विणली जाते.

मोठ्या माणसाचे जे वजन असते, त्यातले जवळजवळ निम्मे या पाच-सहा वर्षांत भरते. हाडे याच वयात घट्ट होतात, स्नायू याच वयात भरतात. शिवाय निसर्गाचीच एक रीत आहे. मुलगा वा मुलगी वयात येताना इन्सुलिनचा जोर काही काळ थोडा कमी पडतो. म्हणजे स्वादुपिंडावर आधीच ओझे असते. त्याच वेळी साखरेची रास वाढवली, तर त्याचे किती हाल होतील, ते पाहा.

कणगी विणायला तुराट्या लागतात. नुसत्या शेणाने सारवून कणगी उभी राहत नाही. स्नायूंच्या तुराट्या म्हणजे डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, मटण. यांत प्रथिने असतात. आणि विणायला हात चालावा लागतो, तसे अंग चालावे लागते. धावणे, पोहणे, कबड्डी, खो-खो, शेतातले काम यांनी स्नायू भरतात.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. चाळिशीत साखर निघाल्यावर पथ्य करता येते आणि ते करावेच. पण पंधराव्या वर्षी बांधलेले शरीर त्या वेळी पुन्हा बांधता येत नाही.

एका मुलाचा एक दिवस

पंधरा वर्षांचा एक मुलगा घ्या. नववीत आहे. आठवीपर्यंत त्याला शाळेत सरकारी पोषण आहार मिळत होता. खिचडी, उसळ काहीतरी पोटात जात होते. नववीपासून ते बंद झाले.

सकाळी उशीर होतो. एक कप चहा आणि चार बिस्किटे खाऊन तो एस. टी. पकडतो. मधल्या सुट्टीत वडापाव. शाळा सुटल्यावर पाच रुपयांचे चटपटीत पाकीट. मित्रांबरोबर थंड पेयाची बाटली. घरी आल्यावर चहा आणि खारी. अभ्यासाला बसताना आणखी एक चहा. रात्री डोंगराएवढा भात आणि पाण्यासारखी आमटी. मग अंथरुणात मोबाइल, बारा वाजेपर्यंत.

आता हिशेब करू. एका चहात दोन चमचे साखर धरा. तीन चहांत सहा चमचे. पाव लिटर थंड पेयात सुमारे पाच चमचे साखर असते. झाले अकरा. बिस्किटांतली अजून धरलीच नाही. आणि असावी किती? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले आहे, की अशी वरून घातलेली साखर दिवसाला साधारण दहा चमच्यांच्या आत ठेवावी. पाच चमच्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगले.

बिस्कीट, खारी, पाव हे सगळे मैद्याचे. मैद्याची साखर रक्तात भराभर उतरते. या मुलाचे पोट दिवसभर भरलेले आहे. त्याला कोणी उपाशी म्हणणार नाही. पण तुराट्या किती आल्या? आमटीतली चार डाळीची दाणकी. रास मोठी झाली, कणगी तशीच राहिली.

यात त्या मुलाला दोष देऊन काय होणार? शाळेच्या दारात जे मिळते, ते तो खातो. घरात जे शिजते, ते तो खातो. दोष शोधायचा तर आपल्या चुलीपासून सुरुवात करावी लागेल.

मुलीचे ताट

आता मुलीचे पाहू. आपल्या घरात आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, शेवटी बाया आणि मुली. डाळ तळाला गेलेली असते. भाजी संपलेली असते. मुलगी भाकरीबरोबर चटणी खाते, किंवा चहात बुडवून खाते. "मला भूक नाही," असेही म्हणते. आई ते खरे मानते.

सरकारी पाहणीत शंभर मुलींपैकी चाळीस जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. मुलग्यांत हा आकडा अठरा होता. घर एकच, चूल एकच. फरक पडला तो वाढणाऱ्या हाताने.

ही मुलगी उद्या आई होणार. पुण्याच्या त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गरोदर बाया पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे वजनाला चांगली भरली. राजगिरा, मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला. आपल्या बांधावर येणारीच ही भाजी आहे. पण बाळंतपणाच्या नऊ महिन्यांत सगळी भर निघत नाही. त्या आधी पोरीचे अंग भरलेले असले पाहिजे.

साखरेचीही एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर काही वर्षे इंग्लंडमध्ये साखर रेशनवर मिळे. 1953 साली ते रेशन उठले आणि लोकांचे साखर खाणे जवळजवळ दुप्पट झाले. त्या रेशनच्या आगेमागे जन्मलेल्या लोकांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. आईच्या पोटात असल्यापासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत ज्यांच्या वाट्याला रेशनची मोजकी साखर आली, त्यांना म्हातारपणापर्यंत मधुमेह बराच कमी झाला. दुसऱ्यांना शंभर वेळा झाला असेल, तर यांना सुमारे पासष्ट वेळा. आईने काय खाल्ले, हे मुलाचे शरीर पन्नास-साठ वर्षे विसरले नाही.

म्हणून मुलीच्या ताटात जी वाटी पडते, ती दोन पिढ्यांना पोसते. मुलगी परक्याचे धन म्हणून ती वाटी रिकामी ठेवली, तर नुकसान आपल्या नातवंडाचेच होते.

पैसे कोठून आणायचे?

कोणी म्हणेल, "साहेब, दूध-अंडी म्हणणं सोपं आहे. पैसा कुठाय?"

प्रश्न खरा आहे. म्हणून पैशाचाच हिशेब करू. मुलगा रोज दहा रुपयांची पाकिटे खातो. महिन्याचे झाले 300 रुपये. दोन मुले असली तर 600. एवढ्या पैशांत मटकी किती येईल, शेंगदाणे किती येतील, अंडी किती येतील? दुकानात जा आणि पाटीवरचे भाव वाचा. आता तुम्हाला वाचता येते. बेरीज स्वतः करा.

आणखी एक गोष्ट वाचा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत आतल्या वस्तूंची नावे असतात. जी वस्तू सर्वांत जास्त, तिचे नाव पहिले लिहावे, असा कायदा आहे. पाकीट इंग्रजीत असेल, तर मुलाला मोठ्याने वाचून अर्थ सांगायला सांगा. मैदा, साखर, तेल ही नावे सुरुवातीलाच आली, की त्या पाकिटात काय आहे ते समजले. तुम्हालाही कळेल आणि मुलालाही कळेल.

मग करायचे काय?

पहिले, सकाळी मुलांना नुसत्या चहा-बिस्किटावर बाहेर पाठवू नका. रात्रीची भाकरी आणि दूध, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ, मुगाचे घावन, यांतले काहीही चालेल. आठवीच्या पुढच्या मुलाला डबा द्याच.

दुसरे, दोन्ही वेळच्या जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ असावी. मूग, मटकी, चवळी, हुलगा, हरभरा, जे घरात असेल ते. मोड आणून केली तर अधिक चांगले. भाताचा डोंगर थोडा कमी करा. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी सोडू नका.

तिसरे, रोज एक पालेभाजी. आणि दूध, दही, ताक किंवा अंडे यांतले काहीतरी. 'ब-बारा' नावाचे एक जीवनसत्त्व आहे. ते रक्तासाठी आणि मज्जातंतूंसाठी लागते. ते भाजीपाल्यात व धान्यात मिळत नाही. ते दुधात, अंड्यात, मासे-मटणात असते. शाकाहारी घरांनी दूध-दही टाळू नये. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती मुलींनी आणि मुलांनी घ्यावी, फेकू नये.

चौथे, थंड पेयाची बाटली सणावारी ठीक आहे. रोज नको. चहातली साखर हळूहळू अर्ध्यावर आणा. तहान लागली तर पाणी किंवा ताक.

पाचवे, रोज तासभर अंग घामाघूम होऊ द्या. मुलग्यांनी आणि मुलींनीही. मुलगी वयात आली, की आपण तिचे खेळणे बंद करतो. तिलाही स्नायू लागतात. रात्री मोबाइल बाजूला ठेवून आठ तास झोप हवी.

सहावे, घरच्या घरी दोन गोष्टी पाहा. एक दोरी घ्या. मुलाच्या उंचीइतकी मोजा. ती मधोमध दुमडा. आता ती अर्धी दोरी त्याच्या कमरेभोवती, बेंबीच्या जरा वर गुंडाळा. टोके जुळली तर ठीक. टोके जुळली नाहीत, तर पोटावर चरबी जास्त आहे. दुसरे, मान पाहा. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाड आणि मखमलीसारखी झाली आहे का? आया तो मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचे कोणी ऐकत नाही, याची बहुधा ती खूण असते.

असे काही दिसले, किंवा आईला वा वडिलांना मधुमेह असला, तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासतात. आकडा 100 च्या आत असला तर चांगले. 100 ते 125 म्हणजे उंबरठा. 126 किंवा जास्त आला, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह आहे का ते सांगतील. मुलगा वाळका असला, तर दोरी जुळेल. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. ताट मात्र सुधाराच.

एक इशारा देतो. एखादे मूल अचानक खूप पाणी पिऊ लागले, सारखे लघवीला जाऊ लागले आणि झरझर वाळू लागले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हा वेगळ्या जातीचा मधुमेह असू शकतो आणि त्यात उशीर जिवावर बेततो. अंगारे-धुपारे, काढे यांत वेळ घालवू नका.

आणि जाड मुलाला 'ढोल्या' म्हणून हिणवू नका. त्याला उपाशीही ठेवू नका. वाढत्या वयात उपास घडवला, तर कणगीच बारीक राहते. सगळ्या घराचे ताट बदला, म्हणजे त्याचेही बदलेल. अंग भरण्याच्या डबाबंद भुकट्या आणि टॉनिकेही नकोत. त्या पैशांचे शेंगदाणे आणा.

शेवटचे सांगणे

मंडळी, आंब्याचे रोप लावले, की आपण पहिली काही वर्षे त्याला जपतो. कुंपण घालतो, उन्हाळ्यात घागरीने पाणी घालतो. एकदा मूळ धरले, की ते पन्नास वर्षे फळ देते. घरातले पोर याच वयात मूळ धरत असते.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. सगळ्यांना एकदम जेवायला बसवा. डाळ आधी ढवळा, तळाची वर येऊ द्या. मग वाढा. पहिली घट्ट वाटी वाढत्या मुलांच्या ताटात घाला. मुलाच्याही आणि मुलीच्याही.



सांगा पाहू

1. वाळक्या मुलाची साखर का वाढू शकते?
2. शरीराची कणगी कोणती? तिच्या तुराट्या कोणत्या?
3. तुमच्या घरातले मूल दिवसाला किती चमचे साखर खाते? मोजून वहीत लिहा.
4. दोरीची परीक्षा कशी करतात? घरी करून पाहा.